रुम्यानाचा घोट

४ मार्च
लोमला आले एकदाची. खोली डॅन्यूबच्या काठाला, घरमालकीण मायाळू, सकाळीच चीज भरलेली गरम बानित्सा हातावर ठेवते. कामही सोपं. व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीत बसायचं आणि हेरॉइन सोडलेल्यांना तलफ शमवणाऱ्या मेथाडोनचा रोजचा घोट पाजायचा. मोठी नर्स स्टोयांका तोंडाची फटकळ, मनाची मऊ. घोट घेतला की प्रत्येकाला विचारते, काल रात्री काय जेवलास? बोलावं लागलं की औषध गालात दडवता येत नाही. एक म्हातारा म्हणाला, घेवड्याचं सार, सिस्टर, माझ्या महालात दुसरं काय शिजणार? मला उष्ट्याची भारी किळस, पण इथे प्रत्येकाला वेगळा पेला, त्यामुळे जीव भांड्यात पडला. रुम्याना आणि झिव्को हे नवराबायको घोट घेऊन बाहेर पडले आणि चेस्टनटच्या झाडाखाली त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. मला हेवाच वाटला.

११ मार्च
झिव्कोच्या लघवीच्या तपासणीत निळ्या झोपेच्या गोळ्या निघाल्या. त्या गोळ्या आणि हा घोट एकत्र पोटात गेले की माणूस झोपेतच श्वास घ्यायचा विसरतो. डॉक्टरांनी त्याचं औषध थांबवलं. रुम्यानाने खिडकीशी थयथयाट केला. म्हणाली, मग मारूनच टाका की त्याला, असं थोडंथोडं कशाला?

१३ मार्च
स्टोयांका रजेवर आहे. रुम्यानाचा गाल सुजलेला. दाढ दुखते, बोलायला लावू नका, असं तिने खुणेनं सांगितलं. मला दया आली. सोडलं तिला.

१५ मार्च
आज जवळून पाहिलं. ते चुंबन नव्हेच. चिमणी पिल्लाला भरवते तशी ती आपल्या तोंडातला घोट त्याच्या तोंडात ओतते. दोघांच्या ओठांमध्ये लाळेची तार लोंबत होती, ती त्याने चाटून घेतली. मी मोरीत जाऊन ओकले. स्टोयांका परतली आहे, तिला सांगायला हवं. तो निळ्या गोळ्या अजून घेत असेल तर मरेल, हे मला कळतं. पण सूट मीच दिली होती, आणि माझी नोकरी अजून कच्ची आहे. गप्प बसले.

१९ मार्च
झिव्को तीन दिवस आला नाही. रुम्याना माझ्याकडून घोट घेते आणि गाल फुगवून घराकडे पळते. स्टोयांकाची पाठ वळलेली असते. मी आजही रुम्यानाला बोलायला लावलं नाही. शिसारी येते मला माझी.

२१ मार्च
त्यांच्या घरी गेले. दार उघडंच. वास — जिन्यातच आला. तो खुर्चीत बसलेला. ओठ काळे. शर्टावर वाळलेल्या औषधाचे थर, थरांवर मुंग्या. रुम्यानाने माझ्यादेखत बोटांनी त्याचा जबडा उघडला आणि ओठाला ओठ लावले. सगळं हनुवटीवरून ओघळलं. ती म्हणाली, आज जरा कमीच पितोय.
त्याचा घसा हलला. मी पाहिलं.

२३ मार्च
डॉक्टर म्हणतात, मरून चार दिवस झाले होते, प्रेत फुगलं की घसा हलतो. त्याला पुरलं. रुम्यानाला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. मी काहीच कबूल केलेलं नाही.

२६ मार्च
खिडकीत तो. भर दुपारी, उन्हात. स्टोयांकाला दिसत नाही. हनुवटीवर मुंग्या. बोलत नाही, नुसता तोंड उघडून —

२७ मार्च
आजही आला. पेला पुढे केला, घेत नाही. माझ्या तोंडाकडे बघतो. काय हवंय ते मला कळलंय. नाही, मी नाही —

२८ मार्च
तो आत आलाय. कडी मीच लावली. स्टोयांका दार ठोठावतेय. नेव्हेना, पोरी, बोल ना काहीतरी. बोलता येत नाही. तोंड घोटाने भरलंय. कडू. गिळायचं नाही. तो वाकतोय — ओठ गार —