हारुनच्या नंबरावर

१० नोव्हेंबर, रविवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, म्हणून जे खरं तेच लिहायचं.

ध्येय: १९ जानेवारी, दिंडोरीची द्राक्षबाग हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर, दोन तासांच्या आत. वय बावन्न असलं तरी शरीर चाळिशीचं आहे, हे मला आतून जाणवतं.

आज ग्रुपबरोबर गंगापूर धरणाच्या रस्त्याने गेलो. चढावर थांबलो. थकून नाही. धरणाचं पाणी बघायला. मयूर (आयटीतला, तिशीचा, ग्रुपचा स्वयंघोषित कोच) मागे वळून ओरडला, काका, पाणी खाली आहे, तुम्ही आभाळात काय शोधताय? सगळे हसले. काका म्हणू नकोस असं त्याला कितीदा सांगितलंय.

छातीत मधोमध जळजळ. थांबल्यावर गेली. कारण उघड आहे, मिसळ. रनिंगनंतर आमचा ग्रुप मिसळीला जातो. जळजळ आज मिसळीच्या आधी झाली हे खरं, पण ती गेल्या रविवारच्या मिसळीची असणार.

संकल्प: तर्री बंद. (पुढच्या रविवारपासून. आजची आधीच खाल्ली.)

१३ नोव्हेंबर, बुधवार.

आमच्या खत-औषधांच्या दुकानात शेतकऱ्यांची गर्दी. मोहाडीचे खंडेराव द्राक्षाचं पान घेऊन आले. पूर्ण डावणी, म्हणजे बुरशी. चांगलं झापलं त्यांना. पहिला डाग दिसला त्याच दिवशी यायला काय झालं होतं? म्हणाले, लय बारका व्हता शेट, वाटलं जाईल आपोआप. मी म्हटलं, रोग काय तुमच्या वाटण्यावर चालतो? आता बाग निम्मी गेली समजा.

वाक्य मला आवडलं. फळ्यावर लिहून दुकानात लावलं.

संध्याकाळी डाव्या हाताला कळ. खताच्या गोण्यांमुळे. गोण्या मी उचलत नाही, पण कुठे ठेवायच्या ते दिवसभर हाताने दाखवतो. तोही व्यायामच.

२४ नोव्हेंबर, रविवार.

देवळाली कॅम्पपर्यंत जाऊन परत. कडाक्याची थंडी. सोबत हारुन. त्याचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, वय बेचाळीस. माझ्यापेक्षा फास्ट आहे, पण दोस्तीखातर माझ्याबरोबर हळू पळतो. (आज मीही त्याच्याखातर हळू पळालो.)

मध्येच म्हणाला, शेठ, तुम्ही मघापासून छातीवर हात ठेवून पळताय. मी म्हटलं, स्टाइल आहे. म्हणाला, आणि एवढ्या थंडीत हा घाम? तोही गार? मी म्हटलं, शरीर विषारी द्रव्यं बाहेर टाकतंय. म्हणाला, आम्हाला इंजिनातून असं तेल गळताना दिसलं तर गाडी रस्त्यावर आणू देत नाही. गॅरेजवाल्यांना सगळीकडे गाड्याच दिसतात.

उज्वलाला काही बोलू नको म्हटलं. म्हणाला, भाभींना नाही सांगत, पण डॉक्टरला तरी सांगा.

१ डिसेंबर, रविवार.

रेसचा अर्ज ऑनलाइन भरायला बसलो. अपमान! पन्नाशीच्या पुढच्यांनी ईसीजी काढून डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं. पंचविशीतली पोरं सिगारेटी ओढून पळतात, त्यांना काही नाही.

उज्वला मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, अहो, बरंच झालं की. उद्याच काढून या. मग हळूच बाबांचा विषय. बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले, जेवता जेवता, घास हातातच राहिला. पण बाबा कधी पळाले नाहीत. हा मूलभूत फरक तिच्या लक्षात येत नाही.

२ डिसेंबर. औषधांचा माल आला. ईसीजी उद्या.

३ डिसेंबर. उद्या नक्की.

५ डिसेंबर, गुरुवार.

उज्वलाने विचारलं, झाला का ईसीजी? झाला म्हणालो. होणारच आहे, म्हणजे झाल्यासारखाच. नॉर्मल ना, म्हणाली. एकदम नॉर्मल म्हणालो. तिने देवापुढे साखर ठेवली आणि त्यातलीच चिमूट माझ्या तोंडात घातली.

जरा वाईट वाटलं. मग जेवलो.

१२ डिसेंबर, गुरुवार.

आठवडाभर जबडा दुखतोय. दात. डेंटिस्टकडे गेलो. पोरगी आहे, आमच्या मुलीच्या, निकिताच्या वयाची. आरसा फिरवून म्हणाली, दात उत्तम आहेत. कधी दुखतं? म्हटलं, पळताना. आणि थांबल्यावर? म्हटलं, जातं. तिने आरसा खाली ठेवला. म्हणाली, काका, माणूस थांबला की थांबतो असा दात मी अजून पाहिला नाही. इथून सरळ ईसीजी काढायला जा.

अनुभव कमी पडतो. दातांच्या डॉक्टरचं लक्ष दातांवर पाहिजे.

दात साफ करून घेतले. खेप फुकट गेली नाही.

२२ डिसेंबर, रविवार.

निकिताने (ती पुण्याला नोकरी करते) वाढदिवसाला दिलेलं घड्याळ बिघडलं. चढ आला की हातावर थरथरतं आणि लाल अक्षरात लिहितं, हार्ट रेट हाय. सपाटीलाही लिहायला लागलं. आज दुकानात खुर्चीवर बसलो होतो तेव्हाही. आता बोला! सेटिंगमध्ये जाऊन सूचना बंद केली. एकदम शांत वाटलं. हे आधीच करायला हवं होतं.

सकाळी अठरा किलोमीटर केले. शेवटचं थोडं चाललो, पण चाल पळण्याच्या जवळची होती. सोमेश्वरला बाकावर बसलो तेवढ्यात मयूरने फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, काका लोड होत आहेत, कृपया प्रतीक्षा करा. लोक अजून हसतायत. मनोजने तर लिहिलं, काकांना चार्जिंगला लावा रे कोणीतरी.

१९ जानेवारीला उत्तर देईन.

३१ डिसेंबर, मंगळवार.

अर्ज बाद. सर्टिफिकेट मुदतीत आलं नाही म्हणे. लालफीत!

उज्वलाला सांगितलं की यंदा आयोजकांनी घोळ घातला, त्यामुळे रेस नाही. वाटलं तिला वाईट वाटेल. तिने गाजराचा हलवा केला. निकिताला फोन करून सांगत होती, सुटलो गं बाई.

१२ जानेवारी, रविवार.

देव दार उघडतो. हारुनचा घोटा मुरगळला.

आमच्या ग्रुपची एक रीत आहे: नंबर वाया घालवायचा नाही. कोणाला दुखापत झाली की त्याचा नंबर छातीला लावून दुसरा पळतो. टी-शर्ट, मेडल, नाश्ता सगळं आधीच भरलेलं असतं. गेल्या वर्षी लंकाबाई ‘मनोज’ म्हणून पळाल्या आणि मनोजला आयुष्यातला सगळ्यात चांगला टाइम मिळाला.

हारुन नंबर द्यायला तयार नव्हता. म्हटलं, मी तुझा दोस्त नाही का? म्हणाला, दोस्त आहात म्हणूनच. मयूर मिसळ खाता खाता म्हणाला, द्या हो काकांना, पाच किलोमीटरवर बसतील, आपण येताना उचलून आणू. सगळे पुन्हा हसले. मग मी आवाज चढवला. हारुनने विचारलं, ईसीजी झाला का, खरं सांगा. झाला म्हणालो. आता हे दोघांना सांगून झालंय, त्यामुळे त्यात बरंच तथ्य आलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार.

नंबर मिळाला. वर मोठ्या अक्षरात हारुन. मागच्या बाजूला वय बेचाळीस आणि अडचणीच्या वेळी कळवायचा फोन, त्याच्या बायकोचा, झेबाचा. दार लावून आरशासमोर छातीला लावून पाहिला. बेचाळीस मला शोभतं.

उज्वलाला सांगितलं, रविवारी लासलगावला औषध कंपनीची मीटिंग आहे, पहाटेच निघावं लागेल. म्हणाली, रविवारी कसली मेली मीटिंग? मग म्हणाली, डबा देते. बाहेरचं तेलकट खाऊ नका.

१८ जानेवारी, शनिवार.

विश्रांती. जिना चढताना दोनदा थांबलो. शक्ती राखून ठेवायची असते.

१९ जानेवारी, रविवार. पहाटे.

उज्वलाने उठून दशम्या केल्या. डबा गाडीत ठेवलाय. दारात उभी राहून म्हणाली, पोचलात की फोन करा, तिकडे धुकं असेल.

आज जळजळ अजिबात नाही. छातीवर कोणी बसल्यासारखा नुसता जडपणा आहे. आत्मविश्वास असाच जाणवत असावा.

२२ जानेवारी, बुधवार. दवाखाना.

निकिताकडून कोरी वही मागवली. ती पुण्याहून रविवारीच आली. वही पलंगावर ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

घडलं ते असं. सुरुवात उत्तम. धुक्यात द्राक्षबागा, दोन्ही बाजूंना मुलं टाळ्या वाजवतायत, हारुनभाई, शाब्बास! पाच किलोमीटरला बसलो नाही. मुद्दाम नोंदवून ठेवतो. दहालाही नाही. मग एक साधा चढ आला, त्याच्या वर एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्यापर्यंत पोचायचं ठरवलं. ट्रॅक्टरचं चाक अगदी जवळून आठवतं. जमिनीच्या बाजूने.

पुढचं तुकड्या-तुकड्यात. अॅम्ब्युलन्समध्ये कोणी गालावर चापट्या मारत होतं, हारुनभाई, डोळे उघडा. मी ओ दिली. खरं नाव सांगितलं असतं तर हारुनवर आयोजकांनी बंदी घातली असती. दोस्तीत एवढं करावंच लागतं. वय विचारलं, बेचाळीस म्हणालो. याआधी कधी त्रास? नाही म्हणालो. डॉक्टर दुसऱ्याला म्हणाले, बेचाळीस? दिसत नाही. मी ते कौतुक म्हणून घेतलं होतं.

त्यांनी नंबरामागच्या फोनवर कळवलं. म्हणजे झेबाला. हारुन लंगडत आम्हाला टाळ्या वाजवायला दिंडोरीला आलेला, बागांत फोनला रेंज नाही. तिला वाटलं, तो चोरून पळाला. ती दवाखान्यात आली ती रडतच, मना किया था ना मैंने, मना किया था ना, असं म्हणत तिने आधी पायावरची चादर बाजूला केली. घोट्याला सूज नाही. मग तोंडावरचा मास्क उचलला. किंचाळली, ये मेरे मियाँ नहीं हैं! नर्स म्हणाली, ताई, धक्क्याने असं होतं, बसा, पाणी प्या. ती म्हणाली, अहो पाणी काय पिऊ, हे समाधानभाई आहेत, आमचे दोस्त!

ऑपरेशनच्या कागदावर सही कोणाची घ्यायची, यावर तिथेच सगळं अडलं. झेबाने उज्वलाला फोन लावला. मला ऐकू येत होतं. उज्वला म्हणाली, नाही हो, ते लासलगावला गेलेत. झेबाने पुन्हा सांगितलं. उज्वला म्हणाली, अहो असं कसं, डबा घेऊन गेलेत ते. झेबाने तिसऱ्यांदा सांगितलं. मग उज्वलाने विचारलं, कुठला दवाखाना?

२३ जानेवारी, गुरुवार.

मोठे डॉक्टर राउंडला आले. हृदयाची बंद पडलेली नळी उघडली आहे. पण हृदयाचा एक भाग रक्ताशिवाय फार वेळ राहिला, तो आता काम करणार नाही. पळणं बंद. जिना बंद. दुकानात बसायचं ते तीन महिन्यांनी बघू.

मी म्हटलं, म्हणजे त्या सहीच्या गोंधळात उशीर झाला ना? त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून होता? रविवारपासून म्हणालो. हारुन दाराशी काठी टेकून उभा होता. म्हणाला, नाही साहेब. नोव्हेंबरपासून. मी पाहिलंय. आणि मी नंबर दिला. एवढं बोलून तो भिंतीकडे वळला.

डॉक्टरांनी उज्वलाकडे पाहिलं. उज्वला म्हणाली, ईसीजी नॉर्मल होता म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले, कुठला ईसीजी?

डॉक्टर जरा निराशावादी वाटतात. दुसरं मत घ्यावं. उज्वलापाशी विषय काढला. तिने उशीची खोळ बदलली.

मयूर येऊन गेला. मला वाटलं, काहीतरी फिरकी घेईल. समाधानसर म्हणाला. फार वेळ बसला नाही.

२५ जानेवारी, शनिवार.

पलंगापासून दारापर्यंत चाललो. येताना उज्वलाने खुर्ची पुढे सरकवली, बसलो.

संकल्प: आजपासून उज्वलाला सगळं खरं सांगायचं. अगदी बारीकसारीक. तिने विचारलं की लगेच.

दुपारी नर्सने विचारलं, दुखतंय का कुठे? नाही म्हणालो. खरंच दुखत नव्हतं. जबडा नाही, हात नाही, छाती नाही, कुठेच नाही. उज्वलाकडे वळून पुन्हा सांगितलं, अगं, खरंच नाही.

ती ठोके दाखवणाऱ्या मशीनकडे बघत होती.