एका हाताने निघणारा डबा

जालना,
१२ ऑगस्ट २००२

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. आई मागच्या महिन्यात येऊन गेली तेव्हा म्हणाली, की तुझ्या नारळाच्या दुकानावर आता पत्रे टाकलेत आणि चतुर्थीला गणपतीच्या देवळापुढे गर्दी झाली की चांगुणा वहिनीही गल्ल्यावर बसते. ऐकून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक. हे रोज रेल्वेने बदनापूरच्या संशोधन केंद्रात जातात, संध्याकाळी परत येतात. घरापुढे दोन पपया लावल्यात, त्यातली एक जगली.

राजूर इथून पंचवीस-तीस किलोमीटर. तरी मी पत्र लिहिते, याचं तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण तुझ्या शेजारच्या बूथवर नेहमी चार माणसं कान देऊन उभी असतात.

काम असं आहे. मी ज्या कारखान्यात आहे तिथे आम्ही छपाईच्या लहान यंत्राचा एक भाग बनवतो आहोत. लेझर प्रिंटर म्हणतात त्याला. कॉम्प्युटरला जोडला की कागद छापून देतो. त्यात ओली शाई नसते, पिठाहून बारीक काळी पूड असते. ती एका लांबट डब्यात भरलेली. पूड संपली की जुना डबा ओढून काढायचा आणि नवा सरकवायचा. मिस्त्री लागू नये, ज्याचं यंत्र त्यालाच जमावं, म्हणून हा सगळा खटाटोप. त्या डब्याचा आराखडा माझ्याकडे आहे.

यंत्र लहान असल्याने आत जागा नाही. पहिल्या नमुन्यात एका हाताने झाकण वर धरायचं आणि दुसऱ्याने डबा ओढायचा, असं होतं. मी ते बदललं. आता झाकण उघडलं की तिथेच थांबतं, डब्याची मूठ आपोआप पुढे येते, आणि आतल्या नाजूक भागावर उजेड पडू नये म्हणून एक पडदी पापणीसारखी मिटते. सगळं एका हाताने. आमचे मालक अमृतलालजी चांगले आहेत, पण त्यांनी विचारलंच, "बाई, लोकांना देवानं दोन हात दिलेत. मंग हा जादा खर्चा कशापायी?" मी म्हणाले, ऑफिसात माणसाच्या एका हातात फोन असतो. त्यांना पटलं.

बँकेतल्या एका लिपिक बाईंनी आणि एका झेरॉक्सवाल्याने डबा काढून-घालून पाहिला. त्यांना जमला. पण ते दुसरा हात नुसता मागे धरून उभे होते. मला खरोखर एका हाताने काम करणारं माणूस हवं आहे. हे वाक्य मी चारदा खोडलं, दादा. राग मानू नकोस.

गर्दी नसेल अशा एखाद्या दिवशी येशील? कंपनी गाडीभाडं देते. जेवण घरी.

तुझी,
गिरिजा

*

जालना,
३ ऑक्टोबर २००२

प्रिय दादा,

तू येऊन गेलास त्याला सहा आठवडे झाले. तुझ्या पायजम्याचा डाग गेला का? गरम पाणी लावू नको असं मी सांगितलं होतं. ती पूड उष्णतेने कापडात मुरते. वहिनीने उकळत्या पाण्यात टाकला असेल तर तो पायजमा आता कायमचा करडा.

आधी चांगली बातमी. आपला डबा पास झाला. मी मुद्दाम 'आपला' लिहिते. त्या दिवशी तू जुना डबा सहज बाहेर काढलास तेव्हा मला वाटलं, जिंकले. घरी मी स्वतःचा उजवा हात ओढणीने पाठीशी बांधून डाव्या हाताने महिनाभर सराव केला होता, हे तुला कळलं नसेल. पण नवा डबा तुझ्या हाती दिला आणि माझ्या लक्षात आलं, की त्याच्या तोंडावरची पट्टी ओढून काढायची असते. ती मी पूर्ण विसरले होते. सरावात मी प्रत्येक वेळी पट्टी काढलेलाच डबा वापरला होता.

तू खुर्चीवर बसलास, डबा दोन्ही गुडघ्यांत धरलास आणि पट्टी ओढलीस. डबा निसटला. पूड तुझ्या अंगावर, फरशीवर, अमृतलालजींच्या चपलांवर. सगळे फडकी आणायला धावले आणि मी नुसती उभी राहिले. तू मान वर करून म्हणालास, "आधी डबा आत बसव, मंग पट्टी ओढ. धरायला मशीन हाये की."

दादा, आम्ही तिघे इंजिनिअर आठ महिने त्या कागदावर वाकलो होतो. आता पट्टीचं टोक पुढच्या फटीतून बाहेर येतं. डबा आत बसला, की यंत्र त्याला घट्ट धरतं आणि आपण एका हाताने पट्टी ओढायची. पूड सांडत नाही. यंत्र बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने तोच नमुना घेतला. अमृतलालजी सगळ्यांना सांगतात, ही अक्कल राजूरच्या नारळवाल्याची.

पत्र इथे संपवता आलं असतं. मागची सगळी पत्रं मी अशीच संपवली.

बसस्टँडवर तू मला भाऊबीजेला ये म्हणालास. मी बघते म्हणाले. तू राजूरवरून जाणाऱ्या भोकरदनच्या गाडीत चढलास, खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिलास, आणि मला वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात गाडी सुटली.

पंच्याऐंशी सालचा तो दिवस. विजेवरच्या कडबाकुट्टीच्या पात्यांत कडबा अडकला होता आणि लाईट गेली होती. तू गोठ्यातून ओरडलास, गिरजे, बटन बंद कर. मी उंबऱ्यात बीजगणिताचं गाईड घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी जागेवरून म्हणाले, केलं. केलं नव्हतं, दादा. एवढं गणित संपवून उठू, असं मनात होतं. तुझा माझ्या शब्दावर विश्वास होता म्हणून तू हात आत घातलास. मग लाईट आली.

तू सगळ्यांना सांगितलंस की बटन तूच विसरलास. मला वाटलं, तुला तसंच आठवतंय. मी पंधरा वर्षांची होते, भ्याले, गप्प बसले. पुढे गप्प बसायची सवयच झाली. औरंगाबादला डिप्लोमा केला, पुण्यात नोकरी लागली, बाबा गेले तेव्हा आले आणि दहाव्याचा विधी उरकून निघाले. तू डाव्या हाताने जेवताना मला समोर बसवत नव्हतं. सात वर्षं भाऊबीजेला आले नाही ते कामामुळे नाही. ओवाळणी टाकायला तू डावा हात पुढे केला असतास आणि मला त्याच्याकडे पाहावं लागलं असतं.

डबा एका हाताने निघाला म्हणून काही फिटलं, असं मी समजत नाही. मला फक्त आता खोटं बोलायचं नाही. जमलं तर मला क्षमा कर. नाही जमलं तरी तुझं बरोबरच असेल.

तुझी,
गिरिजा

*

राजूर,
११ ऑक्टोबर २००२

गिरजे,

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आईला सांगितलं, डबा पास झाला. बाकीचं सांगितलं न्हाई. तिला तुझ्यापेक्षा माझी जास्त काळजी हाये, आणि माझ्यापेक्षा तुझी.

तू बटन बंद केलं न्हाई हे मला दवाखान्यात शुद्ध आली तव्हाच कळलं व्हतं. तू केलं म्हनली आणि लाईट आली, ह्यात समजायला किती अक्कल लागती? पर बा तव्हा तुझी शाळा सोडवायच्या गोष्टी करून राह्यला व्हता. दहावी झाली की जाफराबादचं ते स्थळ बघू, म्हनायचा. त्याला खरं कळलं असतं तर तुझं दप्तर त्याच दिवशी चुलीत गेलं असतं. म्हनून मी म्हनलं, मीच विसरलो. एकदा म्हनल्यावर तेच खरं धरून चाललो.

राग आल्ता. खोटं लिव्हत न्हाई. पयल्या दोन वर्षांत लई यायचा. सदऱ्याच्या गुंड्या लावायला आईला हाक मारावी लागायची तव्हा यायचा. तू पान्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायची, खाली बघायची, आणि मला वाटायचं, ही बोलंल तर बरं. तू काही बोलली न्हाई. मी बी विचारलं न्हाई. चूक माझी बी हाये. मी थोरला व्हतो.

मंग दुकान झालं, लग्न झालं, डाव्या हातानं नारळ सोलता यायला लागले. राग कव्हा गेला ते ध्यानात सुद्धा न्हाई. पर तू यायची बंद झाली. चांगुणा दर भाऊबीजेला पाट मांडायची. दुपार कलंडली की उचलून भिताडाला लावायची. हाताचं दुखणं वर्षभरात थांबलं व्हतं, गिरजे. हे मातर सात वर्षं थांबलं न्हाई.

जालन्याला तू मला बलावलं तव्हा मी चांगुणाला म्हनलं, डब्याचं निमित्त हाये, पोरगी काहीतरी बोलनार. मी दिवसभर वाट बघितली. गाडीत बसल्यावर बी बघितली.

माफी मागितली तू. ती मी कव्हाच दिली, पर कागदावर लिव्हून पाठवनार न्हाई. हितं येऊन, माझ्या समोर बसून, माझ्या तोंडाकडं बघून घेऊन जा.

सहा नोव्हेंबरला भाऊबीज हाये. जावयांना संगं आन. दुकान बिलकुल उघडनार न्हाई त्या दिवशी. सकाळच्या गाडीनं आली तर बराबर, दुपारच्या गाडीनं आली तरी चालंल, रातच्याला आली तरी मी जागाच हाये. तू ववाळल्याशिवाय घास घेनार न्हाई.

तुझा थोरला,
कडूबा