जाते की येते

११ नोव्हें. २००३, मंगळ.
मोखाड्याची बस १२ मि. उशिरा. माझी खिडकीची जागा गेली, अर्धा दिवस वाया. दुपारी तहसील ऑफिसात रेकॉर्ड रूमला कमल भोये आली. अंगणवाडीत शिकवते, पाड्यावर राहते, माझ्यासारखीच चाळिशीला टेकलेली. वडिलांच्या जमिनीचा जुना कागद हवा होता. नक्कल दिली. घेतली आणि म्हणाली, "जाते." शिपाई धोंडूमामा लगेच, "जाते म्हणू नये बाय, येते म्हणावं." तर ती, "पण मी जातेय. परत यायचं काम नाय."
आठ वर्षांची असताना मावशीच्या दारात मी हेच बोलले होते. थोबाडीत बसली होती.

१४ नोव्हें., शुक्र.
डोक्यातून जात नाही. वहिनीला विचारलं, यायचं नसताना 'येते' का म्हणायचं? "नलू, तुझं आपलं काहीतरीच." हे उत्तर नव्हे.

२० नोव्हें., गुरु.
कमल परत आली. नकलेवर शिक्का मारायचा राहिला होता, चूक माझी. पण बरं झालं चुकले. बसल्या बसल्या म्हणाली, "ही ट्यूबलाइट किरकिरते. तुम्हाला ऐकू येते?" एकोणीस वर्षं ऐकतेय. धोंडूमामा म्हणतो, कान तपासून घ्या. दिवा बंद करून दोघी खिडकीशी बसलो.
निघताना मी वहिनीने शिकवलेलं वाक्य म्हटलं, "या कधी घरी चहाला." सगळे म्हणतात. कोणी येत नाही.

२३ नोव्हें., रवि.
आली. मोखाड्याहून इथे जव्हारपर्यंत, बसने, चहाला. दार उघडून मी विचारलं, "कशाला आलात?" मला खरंच कळत नव्हतं. "चहाला," ती म्हणाली. मागे वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. आम्हा दोघींना त्यात वावगं काही दिसलं नाही. दोन तास बसली, त्यातला एक तास कोणीच बोललं नाही. किती बरं वाटलं.
ठरलं: दर रविवारी, ३.४०ची बस. नुसतं 'कधी' नाही. निघताना 'जाते' म्हणाली.

१४ डिसें., रवि.
चौथा रविवार. तिला लहानपणी भगताकडे न्यायचे, अंगातलं काढायला. मला नाशिकला, डॉक्टरकडे. तो म्हणाला, हट्टी आहे, लग्न झालं की सुटेल. भगताने कोंबडा घेतला, डॉक्टरने फी. दोघींत काही फरक पडला नाही. हे सांगताना कमल हसली, मग मीही. बऱ्याच दिवसांनी एवढी हसले. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

१८ डिसें., गुरु.
पेपरच्या पुरवणीत लेख: स्वमग्न मुलं. लक्षणं नऊ दिलीत, माझी सात जुळतात. कमलची बहुतेक आठ. पण सगळं मुलांबद्दल. ती मोठी झाल्यावर कुठे जातात? ओळसुद्धा नाही.
कमलला दाखवायचंय. वहिनी म्हणते, "वेडी ठरवतेस का तिला? एकुलती एक मैत्रीण, तीही घालवशील." भीती वाटते. पण न दाखवता तिच्यासमोर बसणंही जमणार नाही.

२१ डिसें., रवि.
दाखवलं. ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं तिने. मी म्हटलं, "मला वाटतं ही मी आहे. आणि तुम्हीपण." तिने कात्रणाची चौघडी घातली, पिशवीत ठेवली. चहा अर्धा टाकला. दारात चप्पल घालताना म्हणाली, "येते."
पाच रविवारांत पहिल्यांदा.
वहिनी खूश, "बघ, शिकली एकदाची." लोकांसारखं म्हणाली असेल तर संपलं, येणार नाही. कमलसारखं म्हणाली असेल तर येणार. विचारायला हवं होतं, "कुठलं येते?" सुचलं तेव्हा बस सुटलेली.

२६ डिसें., शुक्र.
धोंडूमामाला विचारलं, एखादी बाई कायम जाते म्हणते आणि एक दिवस येते म्हणते, म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे माणसात आली." याने काळजी वाढली.

२८ डिसें., रवि.
दोन कप पाणी मोजून ठेवलंय. गॅस पेटवलेला नाही. घरातली ट्यूबलाइट सकाळपासून बंद, दादा कुरकुरला. बस ३.४०ला स्टँडवर लागते, तिथून आमचं दार चालत ११ मि. आता ३.४८.