नुसता चुना

सोमवार, २ तारीख

सामान एकदाचं लागलं. म्हणजे भांडी कपाटात गेली, पुस्तकं खोक्यांतच राहिली आणि गादी अजून जमिनीवर आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली कुलूप-किल्ल्यांचं दुकान. दुकानदार दिवसभर कानशीने किल्ल्या घासत बसतो आणि तो आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात येतो. बायको म्हणाली, बरं झालं, चोरांची तरी काळजी मिटली.

मागच्या बाजूला लहानशी गॅलरी आहे. तिथून आजूबाजूची छपरं दिसतात. कुठले पत्रे सिमेंटचे, कुठले लोखंडी, हे मी लगेच शोधायला लागलो, तर पाठीत एक धपाटा बसला. आज सुट्टी आहे साहेबांना, असं मला सुनावण्यात आलं.

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. रोजनिशी लिहायची कल्पना तिचीच. मी बोलत काही नाही, निदान लिहीत जा म्हणते. तर हे घे, लिहिलं. गाव आवडलं, घर आवडलं, बायको आधीपासून आवडतेच.

मंगळवार, ३ तारीख

ऑफिसचा पहिला दिवस. आमचं काम म्हणजे जुन्या घरांत, दुकानांत, कारखान्यांत ॲस्बेस्टॉस कुठे दडलंय ते शोधायचं. एके काळी ते सगळीकडे घातलं, कारण जळत नाही आणि स्वस्त पडतं. छपरात, खोट्या छतात, गरम पाइपांभोवती. न डिवचता राहू दिलं तर गुमान पडून राहतं. फुटलं की त्याचे तंतू उडतात, डोळ्यांना न दिसणारे. श्वासावाटे आत गेले की बाहेर यायचं नाव घेत नाहीत.

मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्यांना सगळे काका म्हणतात. निवृत्तीला आलेत, खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या. पहिली गोळी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, या धंद्यात दोनच गोष्टी लक्षात ठेव. पाणी मारल्याशिवाय सुरी लावायची नाही आणि माणसं बाहेर काढल्याशिवाय पाणीही मारायचं नाही.

गुरुवार, ५ तारीख

आज एका निवृत्त संगीत शिक्षकांचं घर केलं. नवरा-बायको दोघंच. त्यांना अंगणात खुर्च्या टाकून बसवलं, तर शिक्षक रुसले. मांजरही बाहेर काढायला लावलं म्हणून बाई रुसल्या. मी मात्र ऐकलं नाही. फवारा मारला, छताचा नखाएवढा तुकडा काढला, दुहेरी पिशवीत बंद केला, भोकावर टेप लावली, खाली ओल्या फडक्याने पुसून घेतलं. कामाचा डगला तिथेच उतरवून पिशवीत भरला.

काका म्हणाले, हात चांगला आहे तुझा. घरी येऊन हे वाक्य बायकोला निदान तीनदा ऐकवलं असेन.

सोमवार, ९ तारीख

तसं झालं काहीच नाही. तरी लिहून ठेवतो.

आज शिवणकामाचा कारखाना होता. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना मशिनं, शाळेचे गणवेश शिवायचं काम. छताखालून जाड पाइप गेलाय, इस्त्रीच्या टेबलांना वाफ पुरवणारा. पाइपावर जुनं पांढरट आवरण. काका खाली गाडीत फोनवर बोलत होते, मी एकटाच वर गेलो.

मालक म्हणाले, ऑर्डर उद्या द्यायची आहे, बायकांना उठवू नका, तुमचं काय ते दोन मिनिटांत उरका. फवाऱ्यात पाणी संपलं होतं. नळ खाली आवारात. मी शिडीवर चढून बसलो होतो. उतरायचं, जिने उतरायचे, पुन्हा चढायचं... मी मास्क वर ओढला आणि कोरडीच सुरी लावली.

नखाएवढा तुकडा निघायचा, त्याऐवजी केवढा तरी ढलपा सुटला. खालच्या टेबलावर आपटून फुटला. सगळीकडे पांढरं झालं. कपड्यांवर, मशिनांवर, बायकांच्या केसांवर.

बायका हसल्या. अगदी खाली जी बसली होती तिला सगळ्या चिमणी म्हणतात, कारण तिची चिवचिव मशीनच्या वर ऐकू येते. कोवळी पोर. शेजारी टोपलीत कापडाच्या कतरणांवर तिचं तान्हं बाळ झोपलेलं. तिने आधी बाळाचं तोंड पदराने पुसलं, मग माझ्याकडे वर पाहिलं.

"दादा, हे कसलं आहे? बाळ आहे इथे."

मी मास्क खाली न करताच म्हणालो, "चुना आहे हो. नुसता चुना."

ती पुन्हा शिवायला लागली. कोणीतरी झाडूने टेबल झाडलं, तेही मी बघत राहिलो.

गडबडीत डगला अंगावर तसाच घेऊन घरी आलो. बायकोने दारातच उतरवून घेतला, गॅलरीत नेऊन जोरजोरात झटकला आणि हसत विचारलं, आज कुणाला चुना लावून आलास?

मी पण हसलो.

बुधवार, ११ तारीख

प्रयोगशाळेचा निकाल आला. निळं ॲस्बेस्टॉस. सगळ्यांत वाईट जात.

काकांनी विचारलं, माणसं बाहेर काढली होतीस ना? मी हो म्हणालो. इतक्या पटकन की माझं मलाच नवल वाटलं.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याच्या छातीत एकदाच थोडं गेलं तर काय होतं. काकांनी गोळी गालात फिरवली. म्हणाले, बहुतेक वेळा काही नाही. आणि झालंच, तर पंचवीस-तीस वर्षांनी. "तोवर ते कुठे आणि आपण कुठे."

मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटली. संध्याकाळी बायकोला सांगावं असं फार मनात होतं. ती पडदे लावत होती, खूश होती. उद्या सांगू म्हटलं.

शुक्रवार, १३ तारीख

पाइप बंद करायला कारखान्यात गेलो. या वेळी पाणी नेलं, सगळ्यांना बाहेर पॅसेजमध्ये उभं केलं, उघडा भाग नीट गुंडाळून चकचकीत टेप मारली. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं काम.

बाहेर आलो तर भिंतीशी एक बाई उभी होती. कानांजवळचे केस पिकलेले. तिचा हात धरून झोके घेणारी सहा-सात वर्षांची मुलगी. मला वाटलं चिमणीची मोठी बहीण असावी. चिमणी आज आली नाही का, म्हणून विचारलं.

तिला हसू फुटलं. "मीच की. एवढ्यात विसरलात?"

तोच आवाज. मी बाळाबद्दल विचारलं, तर तिने त्या मुलीच्या डोक्यावर टपली मारली. म्हणाली, हीच ती, बाळ कधीचीच राहिली नाही. बाकीच्या बायका हसल्या. मालक म्हणाले, चिमणी आमच्याकडचं जुनं माणूस, त्या मशीनवर तिच्याशिवाय कुणी बसलेलं आठवत नाही.

थट्टा असावी. नव्या माणसाची करतात तशी. पण लहान मुलीला केव्हा शिकवून ठेवलं असेल? आणि ती मुलगी खोकत होती.

सोमवार, १६ तारीख

टेप तपासायची आहे असं खोटं सांगून पुन्हा गेलो.

मुलगी चिमणीच्या शेजारच्या मशीनवर बसली होती. तरणी, उंच, लांब वेणी. बटणं लावत होती. चिमणी पार वाकलीय. एक शिवण संपली की मशीन थांबवते, दोन्ही हात टेबलावर टेकते आणि श्वास गोळा करते. विहिरीतून पाणी ओढून आणावं तसा. मग पुढची शिवण. चिवचिव नाही. एकही बाई बोलत नव्हती, सगळ्यांना दम पुरवून वापरायचा होता. मालकांच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत आणि त्यांना माझं नाव आठवायला वेळ लागला.

वर माझी टेप. काल लावल्यासारखी चकचकीत.

मी विचारलं, गेल्या सोमवारी मी शिडीवर होतो, आठवतं का. मालक म्हणाले, अहो, किती वर्षं झाली त्याला.

बुधवार, १८ तारीख

काकांना ओढत नेलं. त्यांनी हॉल पाहिला, बायकांना नमस्कार केला, खाली आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, म्हाताऱ्या बायका आहेत, धुळीत काम करून दम लागतो, तू इतका का घाबरतोस. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात त्या तरुण होत्या. काकांनी मला गोळी दिली आणि सुट्टी घे म्हणाले.

काका तसेच आहेत. एक केस इकडचा तिकडे नाही. त्या दिवशी ते गाडीत होते.

आणि मी तसाच आहे. आरशात किती वेळ पाहिलं. माझ्या तोंडावर मास्क होता. माझ्या एकट्याच्या.

जे हॉलमध्ये उघड्या तोंडाने श्वास घेत होते त्यांचीच वर्षं—

म्हणजे पंचवीस-तीस वर्षं वाट बघायची नाही. मला दिसावं म्हणून सगळं आत्ताच चाललंय. मी "तोवर" म्हणून ज्याच्या आड लपलो, ते काढून घेतलं.

हे लिहितोय आणि बायको गॅलरीत खोकतेय.

गॅलरीत. डगला.

गुरुवार, १९ तारीख

सकाळी ती चष्मा लावून पेपर वाचत होती. तिला चष्मा नाही. केस मागे घट्ट बांधलेले, निम्मे पांढरे. मी दारातच उभा राहिलो तर म्हणाली, असा काय बघतोस, भूत पाहिल्यासारखा.

विचारलं, कधीपासून खोकतेयस. ती म्हणाली, झाली की वर्षं, तुझं लक्ष कुठे असतं. चिडून नाही, सवयीने म्हणाली. मग माझ्या गालावर हात फिरवला. तिचा हात खरखरीत.

"तू मात्र होतास तस्साच राहिलास रे."

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला. मला बाजूला घेऊन विचारलं, आईंनी कधी ॲस्बेस्टॉसशी संबंधित काम केलंय का.

आई नाही, असं सांगणार होतो. फोटो उचलला आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं.

शुक्रवार, २० तारीख

चिमणीच्या घरी गेलो. सांगायचंच ठरवून.

दार तिच्या मुलीने उघडलं. माझ्यापेक्षा वयाने मोठी. जिना चढून मी आलो होतो, पण धाप तिला लागली होती. आत चिमणी उशांना टेकून बसली होती. आडवं होता येत नाही म्हणाली मुलगी, आडवं झालं की बुडाल्यासारखं होतं.

सांगितलं सगळं. चुना नव्हता. मला माहीत होतं. पाणी आणायचा कंटाळा केला. तुम्हाला बाहेर जा म्हणायला हवं होतं, म्हणालो नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो.

ती रागावली नाही. रागावायला श्वास लागतो. मग एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"सांगितलं असतंत... तर बाळाला घेऊन... थोडा वेळ बाहेर उभी राहिले असते. एवढंच तर करायचं होतं."

मुलगी पाठ फिरवून भिंतीकडे बघत होती. तिची पाठ हलत होती. रडत होती की खोकत होती, कळलं नाही. विचारलं नाही.

वाटलं होतं सांगून टाकलं की थांबेल. परत चिमणी तरुण होईल, टोपलीत बाळ असेल.

मी जिना उतरत होतो तेव्हाच वर आवाज झाला. मग मुलीने हाक मारली. मला नाही. तिच्या आईला.

शनिवार, २१ तारीख

सगळ्या खिडक्या उघडल्यात. गॅलरी पाण्याने धुतली. डगला पिशवीत, त्यावर आणखी पिशवी. आता. आता करतोय हे.

बायको खुर्चीत. केस सगळे पांढरे. दर वेळी हात टेकते— तसाच श्वास गोळा करते— ओढून आणल्यासारखा—

माझे हात गुळगुळीत. नखं तरुण. लाज वाटते लिहिताना पेन धरायची.

दुपार

तिला झोप लागली होती. बसूनच. उठली तेव्हा डोळे स्वच्छ होते. म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय मी. इतकी बहिरी नाही झाले.

मी काहीतरी बोललो. औषधाचं. हवापालट—

तिने हात वर केला. बोलायला वेळ लागला तिला. मी थांबलो, आणि थांबलोय तोवर तिने विचारू नये असंच वाटत राहिलं—

तिने विचारलं, "तुझ्या त्या डगल्यावर काय होतं रे?"

जिभेवर तोच शब्द आलाय. आपण होऊन. तयार, सोपा. ती विश्वास ठेवेल. अजूनही ठेवेल. शांत झोपेल—

गिळला. परत आला.

तिच्यासमोर बसून हे लिहितोय. तिच्याकडे बघायला नको म्हणून लिहितोय. ती म्हणते, ती वही ठेव बाजूला. माझ्याकडे बघ आणि सांग.

सांगतो.

बघतोय तुझ्याकडे.

तो—