गिव्ह अप म्हणजे वर देणे नव्हे

१३ नोव्हेंबर १९८८, रविवार

बैसाणे सरांचा वर्ग. विहाराच्या ओट्यावर. सगळे इंग्रजीत गचकलेले — बहुतेक पोरंच, आणि कोपऱ्यात मी, एवढी मोठी घोडी! सरांनी फळ्यावर लिहिलं — गिव्ह अप. म्हणाले, "मंदाताई, अर्थ सांगा." गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मी सांगितलं — वर देणे. पोरं फिदीफिदी हसली. सर नाही हसले. म्हणाले, "हार मानणे. सोडून देणे."

दोन्ही शब्द मला येतात. जवळजवळ बसले की दोघेही अनोळखी! अशी कशी भाषा?

पाणी आज उशिरा आलं. धुणं तसंच पडलंय.

२१ नोव्हेंबर

ऑफिसात साहेबांनी आज पुन्हा विचारलं — "सतरा नंबरचा फॉर्म भरला ना, मंदाबाई? दहावी झालात तर लिपिकासाठी तुमचं नाव पाठवतो."

माणूस बरा आहे. माझ्या लेकीचे, संघमित्राचे पप्पा याच ऑफिसात लिपिक होते. ते गेले, त्यांच्या जागी मला घेतलं, पण शिपाई म्हणून — शिक्षण नववी. ज्या टेबलावर ते लिहीत बसायचे तिथं मी आता दुसऱ्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवते. सवय होईल म्हणतात. झाली नाही.

२७ नोव्हेंबर

सर आज म्हणाले, "क्रियापद म्हणजे लग्नाची पोर समजा. कोणत्या घरी दिली त्यावर तिचा स्वभाव ठरतो. लुक — म्हणजे बघणे. आफ्टरच्या घरी गेली की सांभाळ करते. फॉरच्या घरी गेली की शोधत फिरते. आणि डाऊन ऑनच्या घरात पडली की लोकांना तुच्छ लेखते!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पोर तीच असते ना हो सर. घरानं तिचं काय केलं ते कोण बघतं?

वहीत तेवढं लिहून घेतलं — लुक डाऊन ऑन, तुच्छ लेखणे.

२ डिसेंबर

पहाटे भाकरी थापताना मित्रा शेजारी बसून विचारते. तिचीही यंदा दहावी. माझी पोर हुशार — शाळेत बाई म्हणतात, संघमित्रा काळे केंद्रात पहिली येईल. ती म्हणते, "पुट ऑफ?" मी म्हणते, "पुढे ढकलणे." "पुट ऑन?" "अंगात घालणे." "पुट अप विथ?" — इथं मी अडकते. रोज इथंच अडकते.

आतून सासूबाई ओरडतात, "हाई काय बोली ऱ्हायन्यात वं मायलेकी? पुट पुट पुट! मन्ही भाकर कोठे शे?"

पुट अप विथ — सहन करणे. निमूट चालवून घेणे. मित्रानं मागून सांगितलं. म्हणे, "आई, तुला हाच कसा येत नाही?"

६ डिसेंबर

विहारात अभिवादन. वर्ग नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

१९ डिसेंबर

फार थकले.

१५ जानेवारी १९८९

दोंडाईच्याहून अभिमन भाऊ आले होते. माझे जेठ, मित्राच्या पप्पांचे थोरले भाऊ. एसटीतून उतरले ते एका पोराचा फोटो खिशात घेऊनच. पोरगा जिनिंगमध्ये सुपरवायझर, घर पक्कं. "मित्राची दहावी झाली की वैशाखात उरकून टाकू. बाप नाही पोरीला, मंदा. किती दिवस ठेवशील?"

मी चहा गाळत होते. मित्रा दारात उभी. नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं — "बघू."

भाऊ गेल्यावर मित्रा म्हणाली, "आई, हे पुट ऑफ झालं. टर्न डाऊन करायचं होतं." मी तिच्यावर खेकसले — भांडी घास आधी! सगळं इंग्रजी माझ्यावरच चालवते.

पण खरं होतं. यांचं आजारपण, सुतक, सगळं भाऊंनी निस्तरलं. त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठंय?

५ फेब्रुवारी

आज वर्गात एक गंमत झाली. सरांनी टेकचे प्रकार सांगितले. टेक ऑफ, टेक अप, टेक आफ्टर, टेक ओव्हर. पोरं कंटाळली, म्हणाली, सर, इंग्रज वेडे होते का? आणि मी — काय सुचलं कोण जाणे — उठून बोलले. म्हटलं, आपणही असंच करतो की. घेणे एकच. मनावर घेणे वेगळं, अंगावर घेणे वेगळं, पदरात घेणे वेगळं. डोक्यावर घेणे तर अगदीच वेगळं! कोणी शिकवलं आपल्याला? वापरून वापरून आलं.

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "बसा, मंदाताई. पोरांनो, हे लिहून घ्या."

घरी येईपर्यंत चालत होते की तरंगत होते! आल्यावर बघते तर स्टोव्हची वात गेलेली. खिचडी कच्ची. असो.

२४ फेब्रुवारी

आता ते शब्द पाठ करत नाही. प्रत्येकाला आपलं एखादं माणूस जोडते. ब्रिंग अप — मित्रा. ब्रेक डाऊन — सासूबाई, लेकाच्या मयतीच्या दिवशी. कॅरी ऑन — कोण? आपणच.

९ मार्च

परीक्षा सुरू. मित्राचं केंद्र तिच्या शाळेत, माझं पार स्टेशनपलीकडे. मी आधी निघते, ती मागून. मराठी बरं गेलं. पाठ धरली आहे.

१६ मार्च

काल लिहवलं नाही. काल इंग्रजीचा पेपर होता.

सकाळी मित्रानं दारात मला थांबवलं. "पुट अप विथ?" मी म्हटलं, "सहन करणे." तिनं माझा पदर नीट केला, जशी काही तीच आई.

पेपर हातात घेतला आणि बघते तर सगळे ओळखीचे! लुक आफ्टर, टर्न डाऊन, गिव्ह अप. गाळलेल्या जागा भरताना हात थांबलाच नाही. उन्हातून घरी आले ते जवळजवळ पळत. कधी एकदा मित्राला सांगते असं झालं होतं.

दाराला कुलूप.

शेजारच्या बेबाबाई ओट्यावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघेनात. "तू गेली अन् म्हातारी मोरीत घसरली. मित्रानं हातगाडीवरून दवाखान्यात नेली."

म्हटलं, आणि पेपर?

बेबाबाई म्हणाल्या, "मी बोलले गं तिला. म्हटलं मी नेते आजीला, तू जा पोरी. नाही ऐकलं तिनं."

दवाखान्यापर्यंत कशी गेले आठवत नाही. सासूबाई खाटेवर, डोळे मिटलेले. खुब्याचं हाड मोडलंय. मित्रा शेजारी, शाळेच्या ड्रेसवर. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. काय काय बोलले — वर्ष घालवलंस, भाऊंना आयतं कारण दिलंस, तुला अक्कल आहे का!  ती म्हणाली, "आजी हात सोडत नव्हती गं. घट्ट धरला होता. ओढून कसा घेऊ?"

मी तिचा दंड सोडला.

तिनं विचारलं, "तुझा पेपर?" म्हटलं, वाईट गेला. तिचा विश्वास बसला नाही. पिशवीतून माझी प्रश्नपत्रिका काढली, दवाखान्याच्या बाकावर बसली आणि पेन्सिलनं एकेक प्रश्न तपासू लागली. "इथं काय लिहिलंस? आणि इथं?" मी सांगत गेले. ज्या पेपराला ती बसली नाही तो पेपर माझ्या पोरीनं असा तपासला. शेवटी म्हणाली, "सगळे बरोबर, आई."

ती हसत होती. मी तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळले.

२५ मार्च

उरलेले पेपर दोघींनी दिले. कसे ते विचारू नये. सासूबाईंना धुळ्याला हलवलं.

२ एप्रिल

धुळे. दवाखान्यात अभिमन भाऊ आले. आईची चौकशी केली, डॉक्टरांना भेटले, मोसंबी आणली. सगळं रीतसर. मग खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "पेपर तर बुडालाच पोरीचा. आता कशाला थांबायचं? मी त्यांना होकार कळवतो."

मी म्हटलं, "नाही, भाऊ."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी परत म्हटलं. "नाही. तिला शिकवायचंय. तुम्ही आमचं फार केलं, ते विसरणार नाही. पण हे नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. "बाप असता तर—" म्हणू लागले. तेवढ्यात खाटेवरून सासूबाईंचा आवाज. आम्हाला वाटलं होतं झोपल्यात. "अभिमन, चूप ऱ्हाय. आंडेरना, मित्राना पेपर मन्हामुये बुडना. तिले आते कोठे धाडानं नही."

भाऊ तिथंच स्टुलावर बसले. बराच वेळ मोसंबी सोलत राहिले. जाताना मित्राच्या डोक्यावर हात ठेवला.

बरं वाटलं पाहिजे होतं. मी खाली पडलेली मोसंबीची सालं वेचत बसले.

२० मे

सासूबाई घरी. काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. ऊन असह्य. ऑफिसात पंखा बंद.

२४ जून

निकाल. इंग्रजी — एकावन्न! गणित — सत्तावीस. नापास. ज्याची भीती नव्हती त्यात!

मित्राचं उलटं. गणितात शाळेत पहिली, इंग्रजीपुढे "गैरहजर".

साहेब म्हणाले, "लिपिकाच्या जागेला वरून मंजुरीच आलेली नाही अजून. ऑक्टोबरला बसा."

घरी आले. चप्पलही काढली नव्हती. मित्रानं माझी गणिताची वही ओढून घेतली, आपलं इंग्रजीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि समोर मांडी घालून बसली.

"चला, मॅडम. आधी तुमचा तास."