डॅडी घरात बोलत नाहीत

पाचूबंदर, वसई
२० जून १९९९

चि. प्रीतल हिस,
रोझीआत्याचे अ. उ. आ.

तिकडची थंडी सरली म्हणतेस. मग आता तरी सर्दीची सबब न सांगता वेळेवर लिहीत जा.

तुझ्या भावाची बेबी इंग्रजी शाळेत जाऊ लागली. बाईंनी रायनला बोलावून बजावलं, की घरात कोळीवाड्याची भाषा बंद करा, मुलगी मागे पडेल. तुम्हा भावंडांच्या वेळी तुझ्या आईलाही हेच सांगितलं होतं. तिने घरात सगळ्यांनी मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायचं, असा नेम घातला. बिचारी गेली, पण नेम राहिला. आता रायन तो पुढे चालवतोय.

तुझ्या डॅडींना, इग्नेशियसला, कुठलं इंग्रजी? बेबी जागी असली की माझा भाऊ बाहेर जाळं शिवत बसतो. परवा ती त्याच्यासारखं 'पानी' म्हणाली, तर रायनने तिला दटावलं. ते ऐकून इग्नेशियस उठून गेला. आपण तोंड उघडलं तर पोरीचं नुकसान होईल, असं त्याच्या मनाने घेतलंय. मुलांना भाषा शिकवण्याचंच तू शिकतेस ना? मग रायनला चार शब्द लिही.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
रोझीआत्या


टोरांटो
८ जुलै १९९९

प्रिय रोझीआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून कामात लक्ष नाही. डॅडी मुळातच अबोल, असंच मी आजवर धरून चालले होते.

एव्हरशाईन सिटीतल्या शाळेतली नोकरी सोडून मी इथे आले ती इंग्रजी नीट कसं शिकवावं हे शिकायला. इथल्या शाळांत शनिवारी बाहेरून आलेल्यांच्या मुलांना त्यांच्या घरची भाषा शिकवतात. मी तिथे बसून वर्ग बघते. एक पोर्तुगीज आजोबा नातीला न्यायला येतात. जिना उतरेपर्यंत दोघांची बडबड थांबत नाही. ते बघून मी प्राध्यापकांकडे गेले आणि इंग्रजी सोडून मुलांच्या घरच्या भाषेचा विषय घेतला.

रायनला वेगळं लिहिलंय, की घरची भाषा बोलल्याने मूल मागे पडत नाही. दोन्ही भाषा सुखाने नांदतात. तो ऐको न ऐको, मला डॅडींशी बोलायचंय. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर शेजारच्या सिप्रियनकडे फोन करीन. आपल्या बोलीतच बोलेन. तुम्हा मोठ्यांचं आपसातलं बोलणं कानात आहे, त्यावर एकटीच मोठ्याने सराव करते. हसू नकोस. डॅडींनी मला एकही गोष्ट सांगितली नाही, याचा राग होता गं. आता नुसतं रडू येतं.

आहे तशी मला पदरात घे.

तुझी,
प्रीतल


पाचूबंदर, वसई
३ ऑगस्ट १९९९

चि. प्रीतल हिस,
अ. उ. आ.

फोनवर काय झालं ते तुला ठाऊक आहे. इकडचं मी सांगते. इग्नेशियस दाढी करून, चर्चचा सदरा घालून सिप्रियनकडे बसला होता. तू आपल्या बोलीत बोलायला लागलीस तसा तो ताडकन उभा राहिला. येस, व्हेरी गुड, थँक्यू, एवढंच म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला. तू रडत होतीस.

घरी येताना त्याने मला विचारलं, की इंग्रजी बरोबर झालं ना? तुझ्या युनिव्हर्सिटीतल्या कुणी ऐकलं असेल तर तुला कमीपणा यायला नको. रायन मागून येत होता, त्याच्या कानावर ते पडलं. तुझं पत्र वाचूनही त्याने घरातला नेम मोडला नव्हता. काल सकाळी मात्र बेबीला घेऊन आला, तिला इग्नेशियसच्या मांडीवर बसवलं आणि आपल्याच बोलीत म्हणाला, की हिच्याशी हवं तेवढं बोला, शाळेचं मी बघतो.

बेबी बसून राहिली. इग्नेशियस तिच्या केसांवरून हात फिरवत होता. मग त्याने मान वर केली आणि मला विचारलं, की लहान मुलांशी बोलतात तरी काय?

याचं उत्तर तुझ्या अभ्यासात असेल तर कळव गं.

तुझ्या मायेची,
रोझीआत्या