दोन खोल्या कशाला?

४ फेब्रुवारी

माझी खोली बघून आले. तिला खिडकी नाही!

मुलाला विचारलं, वारा कुठून येणार? म्हणाला, भिंतीत पंखा बसवू. नवा मोठा फ्लॅट घ्यायचा, त्यात माझेही पैसे घालायचे आणि कोपऱ्यातली ही खोली माझी. दाखवणारा माणूस बोलता बोलता 'ही सामानाची खोली' म्हणून गेला, तेव्हा मुलाला एकदम खोकला आला.

"आई, आम्ही सगळा विचार केलाय."

कंपनीचं क्वार्टर सोडायचं आहे, हे खरं. माझे हे वारल्यावरही कंपनीनं राहू दिलं, आता मुदत संपत आली. कुठेतरी जायलाच हवं. पण सामानाच्या खोलीत? मी काय जुनी ट्रंक आहे?

५ फेब्रुवारी

दिवसभर तो 'आम्ही' कानात घुमतोय.

ह्यांच्या तोंडी कायम 'आपण'. आपण भिंतीला हिरवा रंग देऊ. आपण या उन्हाळ्यात गाद्या वाळवू. गाद्या मीच ओढत गच्चीवर न्यायची, तो भाग वेगळा! पण 'आपण' म्हटलं की मी त्यात असायची. 'आम्ही' म्हटलं की मी समोर उभी, ठरलेलं ऐकायला.

शाळा चौथीत सुटली माझी. पुढचं सगळं वाचनालयातून उचललेलं. व्याकरण सांगता येत नाही, पण कुठल्या शब्दात मी आहे आणि कुठल्यात नाही, ते कळतं.

९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. माझ्या पैशांत माझं घर. लहान, पण दोन खोल्यांचं.

मग मुलानं ह्यांच्या धाकट्या भावाला बोलावून आणलं, मला समजवायला. भावजी म्हणाले, वहिनी, या वयात घर म्हणजे डोक्याला ताप. म्हटलं, डोकं माझंच आहे. मग जरा नमले. बरं, घ्या. पण एकट्या बाईला दोन खोल्या कशाला?

"लागतात," म्हटलं. भावजी बराच वेळ हसत होते.

जेवताना मुलानं आणखी एक सांगितलं. नव्या फ्लॅटपासून सुनेचं हॉस्पिटल फार लांब पडतं, म्हणून 'आम्ही ठरवलंय', ती लॅबमधली नोकरी सोडणार. तुलाही सोबत होईल, आई! सून टेबल पुसत होती. एकच जागा पुसत राहिली. ती बोलतच नाही. नवऱ्याच्या होला हो. राग आला मला तिचा.

१२ फेब्रुवारी

एजंटबरोबर तीन घरं बघितली.

पहिल्याच दारात त्यानं विचारलं, साहेब येतायत ना? म्हटलं, साहेब वर आहेत. तो जिन्याकडे बघत थांबला! दोन मजले चढून गेल्यावर मला त्याची दया आली, तेव्हा समजावून सांगितलं. बिचारा दिवसभर मग माझी पिशवी धरत होता.

पिशवीत पुस्तक होतं. प्रत्येक घरात खिडकीशी बसून एक पान वाचायचं, असं मी ठरवलंय. दिवा न लावता अक्षर दिसतं का? मान वर न करता पान संपतं का? पहिल्या घरात दिसलं नाही. दुसऱ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं, एकच ओळ चारदा वाचली. तिसऱ्या घरात एजंटच मध्ये मध्ये बोलत राहिला. "मावशी, घर बघायला आलात की वाचनालयात?"

दोन्ही एकच, म्हटलं. त्याला पटलं नसावं.

१३ फेब्रुवारी

ह्यांच्या चपला अजून दाराशी आहेत. नव्या दाराशीही राहतील.

१९ फेब्रुवारी

आज एक छान घर हातचं सोडलं. सगळं ताजं रंगवलेलं, चकचकीत. पण एका भिंतीचा रंग बाकीच्यांहून नवा. एजंटला विचारलं तर म्हणाला, मालकांना हौस. खाली उतरून तळमजल्यावरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात या, म्हणजे हौस दिसेल."

विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही. खाली राहणाऱ्याला विचारावं. आणि सकाळी जावं, नळाला धार असते तेव्हा. दुपारी जावं, ऊन कुठवर येतं ते बघायला. तिन्हीसांजेला जावं, जिन्यात दिवा लागतो का ते कळतं. एजंट म्हणतो, मावशी, एवढ्या वेळा तर मी बायकोला बघायला गेलो नव्हतो. म्हटलं, तिनं तुला किती वेळा बघितलं, ते विचार घरी जाऊन.

२ मार्च

मिळालं!

वाचनालयाच्या मागची गल्ली, पहिला मजला. जिन्याला कठडा आहे, पायऱ्या उंच नाहीत. पुढच्या खोलीत खिडकीशी बसून पान वाचलं, मग दुसरं, मग तिसरं. एजंट खाली जाऊन चहा पिऊन आला तरी मी तिथेच.

त्याला एकाच गोष्टीचा संकोच. समोरच्या रस्त्यावर हॉस्पिटल, अधूनमधून गाडीचा भोंगा ऐकू येतो. सावरून घ्यायला म्हणाला, तुमच्या वयाला बरंच की. म्हटलं, आमच्या सूनबाई तिथेच रक्त तपासतात, त्यांच्या गप्प बसण्यापेक्षा भोंगा बरा!

आतली खोलीही बघितली. तिथेही खिडकी, बाहेर झाड. भिंतीवर हात फिरवून सवयीनं म्हटलं, आपण इथे हिरवा देऊ.

एजंट ऐकून न ऐकल्यासारखं करून बाहेर गेला. भला माणूस.

५ मार्च

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, म्हणजे तुला आम्ही नको. म्हटलं, तू हवास. तुझा तो 'आम्ही' नको. त्याला कळलं नाही. पोटचा पोर आहे, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. माझ्याही आलं. पण शब्द मागे घेतला नाही. भावजी म्हणाले, हे असते तर असं झालं नसतं.

हे असते तर माझ्याबरोबर प्रत्येक घराचा नळ सोडून बघत बसले असते!

लॅबला निघताना सून चपला घालायला वाकली आणि तिनं खालच्या आवाजात विचारलं, "आई, त्या आतल्या खोलीला खिडकी आहे?"

आहे म्हटलं, तुटकपणे. टोमणाच वाटला मला.

२६ मार्च

किल्ली मिळाली. दारावरच्या पाटीवर कुणाचं नाव लिहू, असं रंगवणाऱ्यानं विचारलं. नवऱ्याचं की मुलाचं? माझं, म्हटलं. त्यानं ब्रश तसाच हवेत धरला. अक्षर मोठं काढा, म्हटलं, लांबून वाचता आलं पाहिजे.

३० मार्च

पुढच्या खोलीत खुर्ची, पुस्तकं, ह्यांचा फोटो. आतली खोली रिकामी. आवाज घुमतो तिथे. क्षणभर वाटलं, भावजींचं बरोबर होतं की काय. मग खिडकी उघडून ठेवली. रिकामी तर रिकामी! खिडकी असलेली रिकामी खोली आहे ती.

२ एप्रिल

दुपारी दार वाजलं. सून. अंगावर लॅबचा पांढरा कोट, हातात कपड्यांची बॅग.

"नोकरी सोडणार नाहीये मी," म्हणाली. "आई, मला कुणी विचारलंच नव्हतं."

मी दारातून बाजूला झाले. म्हटलं, आत ये. आपण आधी चहा टाकू.